पाकिटावरचा शब्द

काही वर्षांपूर्वी एका संकेतस्थळानं माझी कविता घेतली होती. अम्मीवरची. दुसऱ्याच दिवशी रत्नागिरीहून एका वाचकाचा फोन आला. "तुमची कविता उघडली, पण ती उर्दूत आहे का? काहीच वाचता येत नाही."

माझं नाव पाहून हा प्रश्न मला आयुष्यभर विचारला गेलाय. "अहो, मराठीच आहे," मी हसून म्हटलं. मग स्वतः पान उघडलं आणि हादरलो. डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या रोमन 'ए'नं ओळीच्या ओळी भरलेल्या! ना मराठी, ना उर्दू.

आमच्या मीरा रोडला, नया नगरात, शेजारचा एक मुलगा संगणकाचं काम करतो. त्यानं पाहिलं आणि म्हणाला, "चाचा, कविता शाबूत आहे. पाकिटावर चुकीचं लिहिलंय."

आपण पान मागितलं की सर्व्हर मजकुराआधी काही ओळी पाठवतो. ते हेडर. आत काय आहे, अक्षरं कोणत्या पद्धतीनं नोंदवली आहेत, हे त्यात असतं. मग एक कोरी ओळ आणि त्यानंतर मजकूर. तयार फाइल असेल तर सर्व्हर तिच्या नावाच्या शेवटच्या अक्षरांवरून प्रकार ओळखतो. पण पान त्या क्षणी एखादी स्क्रिप्ट घडवत असेल, तर प्रकार तिनंच सांगायचा. १९९३ साली अमेरिकेत आलेल्या सीजीआय पद्धतीपासून हा रिवाज आहे.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, अगदी काना-मात्रासुद्धा, ३ बाइटचं. पहिला बाइट सगळ्यांचा एकच. स्क्रिप्टनं हेडरमध्ये मात्र पश्चिम युरोपची आयएसओ ८८५९-१ ही पद्धत सांगितली होती. ब्राउझरनं एकेका बाइटचं एकेक अक्षर वाचलं, म्हणून तोच 'ए' पुन्हापुन्हा! पानाच्या आत यूटीएफ-८ लिहिलेलं होतं, पण बाहेरचा शब्द आतल्यावर मात करतो.

"मग शेवटी दुरुस्ती जोडता येईल की," मी म्हटलं.

"नाही चाचा. मजकूर निघाला की हेडर बदलत नाही. ते आधीच सांगावं लागतं."

संकेतस्थळवाल्यांना कळवलं. त्यांनी स्क्रिप्टमधली एक ओळ बदलली. कवितेतली वेलांटीही न हलवता अम्मी परत आली.

मी त्या वाचकाला फोन केला. "आता उघडा बरं."

क्षणभर शांतता. मग त्यांनी पहिली ओळ मला वाचून दाखवली.