शेजारी विसरू नये
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे, 'मी सध्या काय करतो'. तुमच्यातल्या निम्म्यांना ते माहीत आहे, कारण थंडीत संत्री हवी असली की तुमचेच फोन येतात. कळमन्याच्या मार्केटमध्ये मी अडत्या आहे. पहाटे गाड्या येतात, ढीग लागतात, बोली होते, मी माझी अडत घेतो. गणितात कच्चा होतो हे सरांना आठवत असेल. पण तेवढं गणित धंद्याला पुरलं. कमी पडला तो भूगोल.

भूगोलाच्या बाई समोर बसल्या आहेत. बाई, आठवीत तुम्ही शेजारी देशांचा कोरा नकाशा भरायला दिला होता. मी बांगलादेश रंगवायचाच विसरलो. वही परत देताना तुम्ही म्हणालात, "शेजारी विसरू नये रे." सगळा वर्ग हसला होता. त्या वाक्याचा अर्थ मला पन्नाशीत कळला.

वरूड-मोर्शी आणि काटोल-नरखेडचा चांगला माल गेली अनेक वर्षं बांगलादेशला जातो. ट्रक पश्चिम बंगालमधल्या पेट्रापोलला पोचतो. फाटकापलीकडे बेनापोल, म्हणजे बांगलादेश. विदर्भाच्या संत्र्याचं परदेशातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक हेच. 2019 मध्ये तिथलं आयात शुल्क किलोला 20 टका होतं. ते दरवर्षी चढत गेलं. 2023 मध्ये 88 टका झालं, 2024 मध्ये 101. बागेत ज्या फळाला तेव्हा वीस-पंचवीस रुपये मिळत होते, त्यावर फाटकात त्याच्या दुपटीहून जास्त शुल्क होतं. मग ते ढाक्यात कोण खाणार?

बाहेरची वाट बंद झाली की तो माल इथेच उतरतो. कळमन्यात ढीग वाढतात आणि भाव पडतो. ज्यानं आयुष्यात एक पेटी बांगलादेशला पाठवली नाही, त्याच्याही संत्र्याचा भाव पडतो.

हे का झालं? मार्केटमध्ये सगळे एकच सांगतात, "कांद्याचा बदला." त्यात तथ्य किती, हे ठरवणारा मी कोण? डॉलर वाचवायला 2022 मध्ये त्यांनी सगळ्याच परदेशी फळांवर जादा शुल्क लावलं होतं, हेही खरं. पण कांद्याची गोष्ट खोटी नाही. आपल्याकडे भाव चढले म्हणून सरकारनं 2019 च्या सप्टेंबरात कांद्याची निर्यात एकाएकी थांबवली. पुन्हा 2020 च्या सप्टेंबरात थांबवली, पुन्हा 2023 च्या डिसेंबरात. नाशिकचा शेतकरी तर त्यात मेलाच, पण तिकडे चुलीपर्यंत झळ पोचली. 2019 च्या ऑक्टोबरात शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. व्यापाऱ्यांच्या सभेत त्या हसत हसत म्हणाल्या की, मी स्वयंपाक्याला जेवणात कांदा घालू नको म्हणून सांगितलंय. तुम्ही थोडं आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं. एका देशाची पंतप्रधान एवढंच मागत होती, आधी सांगा.

आता माझी कबुली. 2020 ची बंदी आली तेव्हा आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरला होता. 'खा म्हणावं आता बिनकांद्याचं.' तो मीच टाकला होता. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी त्यावर हसणारे चेहरे पाठवले. शेजारी रंगवायला मी दुसऱ्यांदा विसरलो होतो.

दुसरी कबुली याहून जड आहे. आपला एक वर्गमित्र, माझ्याच बाकावरचा, काटोलकडे शेती करतो. 2023 च्या आंबिया बहाराला त्याच्याकडे गिऱ्हाईक आलं होतं, बगीचा ठोक्यानं मागत होतं. मी म्हटलं, थांब, बांगलादेशची मागणी निघेल, भाव वाढेल. तो थांबला. मागणी निघालीच नाही. फळ झाडावर पिकून गळायला लागलं. शेवटी माझ्याच ढिगावर चुरीच्या भावात त्याचा चांगला माल गेला. पुढच्या उन्हाळ्यात त्यानं दोनशे झाडं तोडली. मी गेलो तेव्हा करवत चालू होती. तो एवढंच म्हणाला, "तूच तं म्हणला होता थांब म्हणून." त्यानंतर वर्षभर आम्ही बोललो नाही.

2025 च्या मार्चमध्ये टोरांटोजवळ राहणाऱ्या आपल्या मित्राचा फोन आला. अमेरिकेनं नुकतंच कॅनडाच्या बहुतेक मालावर 25 टक्के शुल्क लावलं होतं. ट्रम्पसाहेब कॅनडाला आपलं 51 वं राज्य म्हणत होते. कॅनडाचा जवळपास तीन चतुर्थांश निर्यात माल तोवर त्या एकाच घरी जात होता. उत्तर म्हणून कॅनडानं ज्या अमेरिकी मालावर शुल्क लावलं, त्यात संत्र्याचा रससुद्धा होता! मित्र म्हणाला, "आमच्याकडे फ्लोरिडाचा रस बंद. पैशाचं एवढं नाही रे. इतकी वर्षं शेजारी म्हणून राहिलो आणि हा म्हणतो, तुझं घर म्हणजे माझ्या घरातली एक खोली."

मी त्याला म्हणालो, अगदी बरोबर, आमचंही असंच झालंय. फोन ठेवल्यावर मात्र लक्षात आलं की आमच्या गोष्टीत मोठं घर आपलं आहे. पेट्रापोलच्या फाटकात आपण कॅनडा नसतो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेनं भारताच्या मालावर 50 टक्के शुल्क नेलं, तेव्हा लहान घराचा राग आपल्यालाही कळला. 2025 मध्येच बांगलादेशनं आपलं सूत जमिनीच्या नाक्यांवर अडवलं, आपण त्यांचे तयार कपडे अडवले. दोन्हीकडे टाळ्या वाजल्या. ट्रकमधला माल कुणाचा होता, हे टाळ्या वाजवणाऱ्यांना माहीत नव्हतं.

देशांचे निर्णय दिल्लीत आणि ढाक्यात होतात, कळमन्यात नाही. माझ्या हातात आहे तेवढं मी करतो. शेतकऱ्याला सांगतो, एकाच गिऱ्हाइकावर बगीचा ठेवू नको. मला माहीत नसलेला भाव मी आता सांगत नाही. आणि तसले मेसेज पुढे पाठवत नाही.

तो मित्र आज शेवटच्या रांगेत बसला आहे. माझ्याच गाडीतून आला. मित्रा, सगळ्यांसमोर सांगतो, माझं चुकलं.

जाताना प्रत्येकानं दारातली एकेक पिशवी न्यावी. त्याच्या राहिलेल्या चाळीस झाडांची संत्री आहेत. भाव त्यानं सांगितला, मी बोली लावली नाही.