खोल्या आपण चालवतो, कागद कुणाचा?

(अलिबाग तालुक्यातील बचत गटांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



अलिबागहून रेवदंड्याकडे निघाले की नागावपासून पाट्या सुरू होतात, 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय'. या 'घरगुती' शब्दामागे कोण आहे ते तुम्हाला वेगळे सांगायला नको. शुक्रवारी चादरी बदलायच्या, शनिवारी मांडव्याच्या लाँचने मंडळी आली की मासे तळायचे, रात्री अकराला "काकू, पाणी गेलं" अशी हाक आली की वाडीतला पंप लावायला धावायचे. सोमवारी न्हाणीघरे घासायची. पैसे मात्र ओटीवर बसलेल्या माणसाच्या खिशात. "मालक कुठे आहेत?" असे पाहुण्याने विचारले, तर आपणच त्याच्याकडे बोट दाखवतो!

एका बाईची गोष्ट सांगते, गावाचे नाव सांगत नाही. नवरा गेल्यावर तिने बारा वर्षे तीन खोल्या चालवल्या. घरपट्टी सासऱ्यांच्या नावावर होती. पुढे तेही गेले आणि दिराने स्वतःचे एकट्याचे नाव लावून घेतले. हिला पत्ताच नाही. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आले, कौले उडाली, पोफळी आडव्या झाल्या. पंचनामा झाला आणि भरपाई जमा झाली दिराच्या खात्यात. विचारायला गेली तर म्हणाले, "वहिनी, तुम्ही तर फक्त जेवण करत होता." तिच्याजवळ ना विजेचे बिल, ना पावतीपुस्तक, ना पाहुण्यांची वही. एम.एस.डब्ल्यू. करताना मी कायदे पाठ केले होते, पण तिच्यासमोर मला चटकन काही बोलता आले नाही.

खरे तर तिचा हक्क होताच. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे, सासऱ्याने मृत्युपत्र केले नसेल तर आधी वारलेल्या मुलाची विधवा ही पहिल्या वर्गातली वारस असते. शिवाय ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वरची नोंद ही करापुरती. तेवढ्यावर कोणी एकटा मालक होत नाही. पण भरपाई असो की कर्ज, आधी तोच उतारा मागतात, म्हणून नाव तिथे हवेच. घराच्या नोंदीत पती-पत्नी दोघांची नावे लावावीत असा शासनाचा आदेश 2003 सालचा आहे. मघाशी मी विचारले तेव्हा चारच हात वर आले.

आता थोडे कडू बोलते. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत समान हिस्सा महाराष्ट्राने 1994 साली दिला (तेव्हा आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या), देशभर तो 2005 साली आला. तरी भाऊबीजेला ओवाळणी घेऊन बहिणी हक्कसोडपत्रावर सह्या करतातच. सून म्हणून हिस्सा मागणाऱ्या आपणही नणंदेपुढे तोच कागद सरकवतो की नाही?

काहीजणी थळच्या खत कारखान्यातल्या किंवा अलिबागच्या कचेऱ्यांतल्या नोकरदारांना वर्षभरासाठी खोली देतात. "माणूस चांगला दिसला" एवढ्यावर! अकरा महिन्यांचा करार असेल तर नोंदणी लागत नाही, हा समज चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर भाडे किती, अटी काय, याबाबत उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचेच म्हणणे धरले जाते. वर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नोंदलेला करार असेल, तर मुदत संपूनही खोली न सोडणाऱ्याविरुद्ध सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो.

ती बाई आता वही ठेवते. तारीख, किती माणसे, पैसे किती आणि कोणी घेतले. दिराने घेतले तर तसेच लिहिते. वाटणीचा दावा अजून चालू आहे.

सोमवारी पाहुणे नसतात आणि ग्रामपंचायत उघडी असते. येत्या सोमवारी अकरा वाजता मी तिथे थांबते. ज्यांना आपला उतारा पाहायचा आहे त्यांनी घरपट्टीची जुनी पावती घेऊन या. पावती सापडत नसेल तरी या.