ओचा आणि विहीर

 अमळनेरला आपल्याच ताप्ती व्हॅलीच्या गाडीने जाता येतं. तिथल्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी 1924 ते 1930 शिकवत होते, मुलांचं वसतिगृहही सांभाळत होते. पुढे 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिलं. त्यातले दोन प्रसंग आपण नेहमी वेगवेगळे सांगतो. आज ते शेजारी ठेवू.

आंघोळ झालेला श्याम तळव्यांना माती लागेल म्हणून खाली पाय ठेवत नाही. आई आपला ओचा पसरते. दुसरीकडे हाच श्याम पोहण्याच्या भीतीने लपून बसतो, तेव्हा तीच आई शिमटी घेऊन त्याला विहिरीवर पाठवते. शिमटीचं समर्थन मी करणार नाही. पोहून आल्यावर तिने त्याच्यासाठी दही ठेवलं होतं, ते आपण विसरतो आणि मार तेवढा लक्षात ठेवतो. पण ओचा तिने एका पावलापुरता पसरला. भीतीपुढे तो पसरला नाही.

आज आपण भीतीपुढेच पसरतो. पोऱ्या मिक्सरला घाबरतो, म्हणून तो शाळेत गेल्यावरच चटणी वाटायची. कुत्र्याला घाबरतो, म्हणून अख्ख्या घराने गल्ली बदलायची. रात्री आई खोलीबाहेर गेली की रडतो, म्हणून नऊ वर्षांच्या मुलाशेजारी आई रोज आठ वाजता आडवी. ‘पोऱ्या रडी ऱ्हायना’, पोरगा रडतोय, म्हटलं की सगळं घर हातातलं काम टाकून धावतं. रडणं थांबतं, सगळे सुटतात. आणि मुलाला कळतं की आई धावली, म्हणजे इथे खरंच काही धोका होता.

येल विद्यापीठातल्या एली लेबोवित्झ यांनी यावर उपचारच बेतला. मुलाला बोलवायचंच नाही, फक्त आईबापांना शिकवायचं. 124 मुलांचा त्यांचा अभ्यास 2020 मध्ये छापून आला; मुलावर थेट मानसोपचार केल्यावर जेवढा गुण येतो, त्याहून हा उपाय कमी पडला नाही.

एक सांगून ठेवतो. काही स्वमग्न मुलांना आवाज खरोखर सोसत नाही. त्यांच्या कानांना झाकण देणं म्हणजे लाड नव्हेत. तिथे तज्ज्ञाला विचारा.

बाकीच्यांनी एकच गोष्ट निवडा, समजा रात्रीची सोबत. मूल शांत असताना, दिवसाउजेडी त्याला आधी सांगा: तुला भीती वाटते हे दिसतंय, तुला जमेल हेही ठाऊक आहे, उद्यापासून मी दहा मिनिटं बसेन, मग उठेन. आणि उठा. ओरडू नका, समजावतही बसू नका. सुरुवातीला रडणं वाढेल. शेजारी विचारतील, त्यांना चहा पाजा. आजीला मात्र आधीच विश्वासात घ्या. नाहीतर तुम्ही उठलात की त्या जागेवर ती जाऊन बसेल.