काळा पट्टा आणि शिक्षकाचा अधिकार



थोड्या दिवसांपूर्वीं माझे एक स्नेही आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्याकडे आले होते. मुलीला ज्यूदो शिकावयाचा होता. जवळच्याच एका वर्गाची त्यांनीं चौकशी केली होती आणि तेथील शिक्षकांविषयीं त्यांचें मत फार चांगलें झालें होतें. ते म्हणाले, "गृहस्थ काळ्या पट्ट्याचे आहेत, शिवाय पहिल्या पातळीचे प्रशिक्षक असल्याचें परदेशचें प्रमाणपत्रहि त्यांच्या भिंतीवर आहे. पहिली पातळी म्हणजे सर्वांत वरचीच ना?" ह्या एका प्रश्नांत दोन गैरसमज दडलेले होते, आणि ते इतके सार्वत्रिक आहेत कीं, आज त्यांविषयींच आपणांपुढें चार शब्द बोलावे असें मीं ठरविलें आहे.

प्रथम काळ्या पट्ट्याचा विचार करूं. इ. स. १८८२ सालीं जिगोरो कानो ह्या तरुण अध्यापकानें तोकियो शहरांतील एइशोजी नांवाच्या बौद्ध मंदिरांत, अवघ्या बारा चटयांच्या जागेंत व नऊ शिष्यांसह, कोदोकान ही आपली शाळा उघडली. जुन्या जुजुत्सू विद्येंतील घातक प्रकार वगळून व उरलेल्यांना शास्त्रशुद्ध वळण देऊन त्यांनीं ज्यूदो घडविला. पुढच्याच वर्षीं त्यांनीं तोमिता व साइगो ह्या दोन शिष्यांस 'शोदान' ही पदवी दिली. 'दान' हा शब्द आपल्या दानधर्माशीं संबंध असलेला नव्हे. 'गो' नांवाच्या बैठ्या जपानी खेळांत खेळाडूंची प्रत लावण्याची जी पद्धति होती, तींतून तो आला. दान म्हणजे पायरी, आणि 'शो' म्हणजे आरंभींचा. तेव्हां ज्या शोदानाचा काळा पट्टा पाहून आपण दबून जातों, त्याचा अर्थ 'आरंभाची पायरी' एवढाच आहे. मुळाक्षरें गिरवून झालीं, आतां वाचावयास लागा, असें गुरूनें शिष्याला सांगण्यासारखें तें आहे.

ही पदवी देतांना काय पाहतात? उमेदवाराला डाव किती येतात, ते किती सफाईनें येतात, ठरलेले नमुने तो बिनचूक करून दाखवितो कीं नाहीं आणि बरोबरीच्या गड्याशीं तो कसा झुंजतो, हें पाहतात. म्हणजे जें कांहीं मोजलें जातें तें त्याच्या स्वतःच्या अंगचें कौशल्य होय. दुसऱ्याला तें कसें द्यावें, नऊ वर्षांच्या मुलीला काय शिकवावें व काय शिकवूं नये, हें त्या परीक्षेचा मुख्य विषय नव्हे. आपल्या तालमींतील अनुभवी वस्तादांना हा भेद पक्का ठाऊक असतो. फडांत नांव काढलेला प्रत्येक पैलवान चांगला वस्ताद होतोच असें नाहीं, आणि कित्येक नामांकित वस्तादांनीं स्वतः मोठ्या कुस्त्या मारलेल्या नसतात.

ह्या बाबतींत माझा स्वतःचा एक अनुभव सांगितल्यावांचून मला पुढें जाववत नाहीं. मला शोदान मिळाला त्याच महिन्यांत आमच्या वर्गाच्या चालकांनीं वीस मुलें माझ्या हवालीं केलीं. मला त्याचा अभिमान वाटला. एके दिवशीं एका मुलाला त्याच्या जोडीदारानें मागच्या बाजूस पाडलें. पडतांना हनुवटी छातीशीं घ्यावयास तो विसरला आणि त्याच्या डोक्याचा मागचा भाग चटईवर आपटला. तो लगेच उठून बसला, हंसलासुद्धां. मीं त्याची पाठ थोपटली व "शाबास, चल पुन्हा" असें म्हणून त्याला परत उभें केलें. दाराशीं बसलेल्या एका वृद्ध शिक्षकांनीं तें पाहिलें. ते उठून आले, मुलाला त्यांनीं बाजूस घेतलें आणि आज वार कोणता म्हणून विचारलें. मुलाला तें सांगतां येईना. त्याला तात्काळ डॉक्टरांकडे नेलें आणि सुदैवानें तो पूर्ण बरा झाला. पण ती रात्र मीं जागून काढली. पट्टा माझ्या कमरेला होता; परंतु डोक्याला मार लागलेल्या मुलाचें काय करावयाचें हें मला कोणीं शिकविलें नव्हतें, आणि परीक्षेंत कोणीं विचारलेंहि नव्हतें.

हें अज्ञान माझ्या एकट्याचें असतें तर त्याची कथा आपणांस सांगण्याचें कारण नव्हतें. ज्या जपानांत ही विद्या जन्मली तेथेंच ह्या अज्ञानाची फार मोठी किंमत द्यावी लागली आहे. नागोया विद्यापीठांतील र्‍यो उचिदा ह्या समाजशास्त्रज्ञांनीं शाळांतील अपघातांच्या नोंदी एकत्र करून तपासल्या, तेव्हां १९८३ पासूनच्या सुमारें तीस वर्षांत ज्यूदो खेळतांना शंभराहून अधिक विद्यार्थी मरण पावल्याचें उघड झालें. त्यांत नवशिक्यांचा भरणा मोठा होता, आणि पुष्कळांच्या मृत्यूचें कारण डोक्याची इजा हें होतें. येथें एक गोष्ट पालकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. मेंदूला इजा होण्यास डोकें जमिनीवर आपटलेंच पाहिजे असें नाहीं. मान सैल राहून डोकें एकदम झटक्यानें फिरलें, तरी मेंदू व त्याचें आवरण ह्यांमधील बारीक शिरा तुटून आंत रक्तस्राव होऊं शकतो. म्हणूनच 'उकेमी', म्हणजे सुरक्षितपणें पडण्याची विद्या, अंगवळणी पडण्यापूर्वीं मुलाला जोरानें मागें पाडूं देणें हा शिक्षकाचा अक्षम्य दोष होय.

एप्रिल २०१२ पासून जपानांतील माध्यमिक शाळांच्या खालच्या वर्गांत युद्धकलांचें शिक्षण सक्तीचें झालें, तेव्हां ह्या प्रश्नानें लोकमत खवळलें. त्यांतच २०१३ च्या आरंभीं राष्ट्रीय महिला संघांतील पंधरा खेळाडूंनीं आपल्या मार्गदर्शकांविरुद्ध मारहाणीची तक्रार केल्याचें बाहेर आलें व मुख्य मार्गदर्शकांस राजीनामा द्यावा लागला. ते गृहस्थ एके काळचे जगज्जेते होते. डाव जाणणें निराळें आणि माणूस घडविणें निराळें, हें ह्याहून स्पष्ट कशानें व्हावें? त्याच वर्षीं जपानच्या ज्यूदो महासंघानें शिक्षकांसाठीं स्वतंत्र अधिकारपत्रें देण्याची पद्धति सुरू केली. आपल्या अक्षरांत सांगावयाचें तर अ, ब व क अशा तिच्या तीन श्रेणी, आणि त्यांच्या खालीं एक सहाय्यकाची श्रेणी. दान कितवाहि असो, शिकवावयाचें तर हा निराळा अभ्यास केलाच पाहिजे असें ठरलें. इकडे लोकांची जागरूकता वाढली होतीच. २०१२ ते २०१४ ह्या तीन वर्षांत शाळांतून अशा मृत्यूची नोंद झाली नाहीं. २०१५ सालीं मात्र पुन्हा दुर्घटना घडल्या. तेव्हां प्रमाणपत्र हें कांहीं कवच नव्हे; रोजच्या दक्षतेवांचून तें भिंतीवरचा कागदच राहतें.

आतां दुसरा गैरसमज, पातळ्यांचा. ब्रिटनमध्यें चालू शतकाच्या पहिल्या दशकांत निरनिराळ्या खेळांच्या शिक्षकांसाठीं चार पातळ्यांची एक समान योजना आखण्यांत आली, व ज्यूदोच्या संघटनेनेंहि ती स्वीकारली. तिची मांडणी अर्थपूर्ण असल्यामुळें तीच उदाहरणादाखल घेतों. पहिल्या पातळीचा मनुष्य हा सहाय्यक होय. वरच्या शिक्षकाच्या देखरेखीखालीं त्यानें तासाचा एखादा भाग घ्यावा, एवढाच त्याचा अधिकार. दुसऱ्या पातळीचा शिक्षक स्वतः तास आंखतो, स्वतः घेतो आणि मागाहून त्याचा गुणदोष पाहून सुधारणा करतो. तिसऱ्या पातळीवर वर्षभराच्या शिक्षणाची योजना त्याच्याकडे येते. कोणत्या महिन्यांत श्रम वाढवावे, कोणत्या महिन्यांत विश्रांति द्यावी, स्पर्धेस केव्हां उतरवावें, हें त्यानें ठरवावयाचें. चौथ्या पातळीवर अनेक वर्षांचा विचार असतो. उत्तम खेळाडूंच्या दीर्घकालीन घडणीची जबाबदारी त्याच्यावर येते.

आपण नीट पाहिलें तर ही थोरपणाची उतरंड नाहीं. ही जबाबदारीच्या मुदतीची मोजणी आहे. एकावर तासाच्या एका भागाची, दुसऱ्यावर पूर्ण तासाची, तिसऱ्यावर वर्षाची, चौथ्यावर कित्येक वर्षांची. पट्टा सांगतो, ह्या माणसाला काय येतें. शिक्षकाची पातळी सांगते, ह्या माणसावर काय सोंपवावें. आंकडा लहान म्हणून मनुष्य मोठा, असें येथें नाहीं. तसेंच एका देशाचा आंकडा दुसऱ्या देशाच्या अक्षराशीं जुळविण्यांतहि अर्थ नाहीं. ब्रिटनमध्यें एकापासून वर चढत जावयाचें, तर जपानांत 'अ' हीच वरची श्रेणी.

फ्रान्सनें तर हा विषय कायद्याच्या कक्षेंत आणला. तेथें नोव्हेंबर १९५५ मध्यें ज्यूदोच्या शिक्षकांचा व्यवसाय नियंत्रित करणारा कायदा झाला. आजहि तेथें वेतन घेऊन खेळ शिकवावयाचा तर शासनमान्य पात्रता लागते, आणि तिच्यावांचून शिकविणारा शिक्षेस पात्र होतो. आपल्याकडे असा कायदा नाहीं. पतियाळा येथें १९६१ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेंत प्रशिक्षकांचें शिक्षण मिळतें. तेथें सुमारें वर्षभराची पदविका आहे व सहा आठवड्यांचा प्रमाणपत्राचा अभ्यासक्रमहि आहे. दोन्ही उपयुक्त आहेत. पण दोन्ही एक नव्हेत. "आमचे शिक्षक पतियाळ्याचे आहेत" एवढें ऐकून समाधान न मानतां, वर्षाचे कीं सहा आठवड्यांचे, हें विचारण्यांत कोणताहि अविनय नाहीं.

माझ्या स्नेह्यांना मीं हेंच सांगितलें. त्या वर्गांत जा आणि चार गोष्टी विचारा. प्रमाणपत्र कोणीं दिलें व कितव्या सालीं? त्या पातळीच्या माणसानें एकट्यानें वर्ग चालवावा अशी ती देणाऱ्यांचीच अनुज्ञा आहे काय? कोणाला लागलें तर प्रथमोपचार कोण करतो? आणि डोक्याला मार लागलेल्या मुलाला त्याच दिवशीं पुन्हा चटईवर उतरवितात काय? ह्या शेवटच्या प्रश्नाचें उत्तर 'नाहीं' असें ताबडतोब आलें नाहीं, तर भिंतीवर कितीहि चौकटी असोत, मुलीला घेऊन घरीं या.

आठवड्यानंतर ते पुन्हा भेटले. त्या शिक्षकांनीं प्रश्नांचा राग मानला नव्हता. उलट त्यांनीं मोकळेपणानें सांगितलें होतें कीं, "मी सहाय्यकच आहें, माझ्या वरचे शिक्षक आठवड्यांतून दोन दिवस येतात, आणि नव्या मुलांना पाडण्याचे डाव आम्ही त्याच दिवशीं देतों. डोक्याला लागलेलें मूल डॉक्टरांनीं सांगितल्यावांचून चटईवर येत नाहीं." मीं म्हटलें, "मग मुलीला अवश्य पाठवा. ज्याला आपल्या अधिकाराची सीमा माहीत आहे, तो शिक्षक विश्वासास पात्र आहे."

कोदोकानचे संस्थापक कानो हे केवळ मल्ल नव्हते. शिक्षक तयार करणाऱ्या तोकियोच्या उच्च अध्यापन विद्यालयाचे ते दीर्घकाळ प्रमुख होते. शिकविणें ही स्वतंत्र विद्या आहे, हें त्यांना कोणीं सांगावयास नको होतें. त्यांनीं शिष्यांपुढें ठेवलेल्या दोन तत्त्वांपैकीं एक असें कीं, आपला व दुसऱ्याचा उत्कर्ष बरोबरीनेंच व्हावा. शिक्षकाच्या सर्व पातळ्यांचा अर्थ मला तरी ह्याच तत्त्वांत सांपडतो. पट्टा आपल्या उत्कर्षाची खूण आहे. दुसऱ्याच्या मुलाला हात लावण्याचा अधिकार निराळा मिळवावा लागतो, आणि तो रोज नव्यानें राखावा लागतो.

त्या वृद्ध शिक्षकांनीं मला त्या दिवशीं रागें भरलें नाहीं. "उद्यांपासून माझ्या शेजारीं बसून नुसतें पाहा," एवढेंच ते म्हणाले. मी दोन वर्षें त्यांच्या शेजारीं बसलों. माझ्या लेखीं माझी पहिली पातळी तीच.