शेक सगळ्यांना सारखा सोसत नाही
(बोर्ली पंचतन येथील मासिक सभेतील भाषण)

हप्त्यांचं नंतर बघू. आपल्या एका गटातली ताई कॅन्सरचे उपचार अर्धे टाकून घरी आली आहे, त्यावर आधी बोलते.

स्तनाचं ऑपरेशन झालं, मग रेडिएशन, ज्याला आपण शेक म्हणतो, ते सुरू झालं. हिची कातडी काळी पडून सोलली. सोबतच्या बाईला काहीच नाही. घरचे म्हणाले, हिला डोस जास्त दिला.

डोस तेवढाच असूनही असं होतं. आपल्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, आईबापाकडून आलेले धागेच ते. किरणांनी हे धागे तुटतात. कॅन्सरची पेशी मारायला तेच हवं असतं, पण शेजारच्या चांगल्या पेशींनाही इजा होते. मग शरीर दुरुस्तीला बसतं. भरडखोलला जाळी सांधताना बघितलंय ना? एकाचा हात सफाईदार, दुसऱ्याचा सावकाश, आणि कधी भलतीच टोकं एकमेकांना बांधली जातात. पेशीतही तसंच. रक्तातल्या पांढऱ्या पेशींत अशी चुकीची जुळलेली गुणसूत्रं मोजता येतात. मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्रात हे काम चालतं. वेगवेगळ्या माणसांच्या रक्ताला सारखीच किरणं दिली, तरी मोजणी सारखी येत नाही.

दुरुस्तीचा हा हात बराचसा जन्मानं येतो. एटीएम नावाचं एक जनुक आहे (पैशाच्या मशीनचा संबंध नाही!). ते आई आणि वडील दोघांकडून बिघडलेलं आलं, तर नेहमीचा डोसही झेपत नाही. अशी माणसं फारच थोडी. शिवाय कातडीवर मधुमेहाचा, तंबाखूचाही परिणाम होतो. मिश्रीवाल्यांनी ऐकलं ना?

शेक मध्येच सोडला तर कॅन्सरच्या पेशींनाही सावरायला वेळ मिळतो. म्हणून कातडी सोलली की त्याच दिवशी तिथल्या डॉक्टरांना दाखवायचं. थांबायचं का, ते त्यांनी ठरवायचं. मनाने हळद, तेल लावू नका. आणि मशीनने बाहेरून शेक घेतलेल्या बाईच्या अंगात किरणं राहत नाहीत. तिचं ताट वेगळं कशाला? नातवाला खुशाल मांडीवर घेऊ दे.

खारघरचं टाटाचं केंद्र आपल्याच जिल्ह्यात, पण इथून रोजचं जाणं-येणं जमणारं नाही. आठवड्याचे पाच दिवस, असे काही आठवडे तिकडेच राहावं लागतं. ताई पुन्हा डॉक्टरांकडे जायला तयार आहे. सोबत कोण जाणार, आणि जोखीम प्रवणता निधीतून किती द्यायचे, ते आता बोला.