भूल आणि बुलढाणा

देशभरातून आलेल्या पशुभूलतज्ज्ञांनो,

भिल्लांचं ठाणं ते बुलढाणा, असं आमचे जुने लोक सांगतात. सिंदखेडराजा, लोणार तुम्हाला सहलीच्या बसमध्ये ऐकायला मिळेलच. मला ताराबाई शिंद्यांबद्दल बोलायचंय, आणि माईक माझ्या हातात आहे.

ताराबाई याच गावच्या. वडील बापूजी हरी शिंदे कचेरीत हेडक्लार्क. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, तेव्हा वर्तमानपत्रं समस्त बायकांच्या नीतीवर तुटून पडली. ताराबाईंनी लेखणी उचलली. १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यातून 'स्त्रीपुरुष तुलना' निघालं. प्रती ५००, किंमत नऊ आणे. जोतीराव फुल्यांनी पाठराखण केली. पुढे १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापेपर्यंत गावालाही ताराबाईंचा विसर पडला होता. याचा भुलेशी संबंध काय, असं कार्यवाह खुणेनं विचारताहेत. फारसा नाही!

खरा संबंध वाघाचा. टिपेश्वरहून निघालेला 'वॉकर' १३०० किलोमीटर चालून २०१९ च्या डिसेंबरात आमच्या ज्ञानगंगा अभयारण्यात आला. त्याच्या गळ्यातला पट्टा भूल दिल्याशिवाय कोण बांधणार?

लहानपणी आमच्या बैलाचं सडलेलं शिंग कापलं, तेव्हा चार गडी दोर धरून होते. परवा तेच काम झायलाझिनच्या एका सुईवर झालं. बैल मान टाकून बसला, ओठ लोंबले, लाळ गळू लागली. डॉक्टर म्हणाले, घोड्याच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शात हा आडवा होतो. तुमच्यातल्या एकानं काल मला समजावलं की मेंदूत पेशीला 'गप बस' सांगणारं गाबा नावाचं रसायन आहे. ते चिकटलं की क्लोराइड आत शिरतं आणि पेशी पेटत नाही. प्रोपोफॉल, आयसोफ्लुरेन त्याचाच जोर वाढवतात. केटामिन मात्र मुख्यतः दुसऱ्याच वाटेनं जातं, तरी जनावर लोळतं. म्हणजे सगळी भूल गाबाची नव्हे, एवढं मला कळलं. उरलेलं दोन दिवसांत तुम्ही बघा.

आता क्षमा. काल तीन खोल्यांत गरम पाणी आलं नाही, एका पाहुण्याला डासांनी जागवलं. भूलतज्ज्ञ असूनही त्यांचा इलाज चालला नाही. जिनिंगवाल्यांनी जागा दिली, मंडपवाल्यानं पैसे पुढच्या महिन्यात घेतो म्हटलं, दूध गावातल्या गोठ्यांतून आलं, आणि ज्यांनी नाव घेऊ नका असं बजावलंय त्यांना मी इथूनच हात जोडतो. ते मागच्या रांगेत बसलेत.

शेगावहून कचोरी आली आहे. गार व्हायच्या आत उद्घाटन करूया.