दहा वर्षांची मुदत

सुरत जिल्ह्यातील पलसाणा हा तालुका उसाच्या मळ्यांचा आणि कापड रंगविण्या-छापण्याच्या मिलींचा आहे. मुंबई-अहमदाबाद महामार्ग त्याच्यामधून जातो, आणि उधन्याहून जळगावकडे निघणारी तापी खोऱ्यातील रेल्वे चलथाण स्टेशनावरून त्याला खानदेशाशी जोडते. या वाटेने नंदुरबार, धुळे, जळगाव या भागांतील कितीतरी मराठी कुटुंबे पोटापाण्यासाठी सुरतेच्या परिसरात आली. कोणी यंत्रापाशी उभे राहिले, कोणी हाती कोयता घेऊन ऊसतोडीस लागले. गाव सुटले की बोली बरोबर येते, देवही बरोबर येतात. ताटातले अन्न मात्र हळूहळू बदलते. ताटातल्या या बदलाचा ज्या रोगाशी निकट संबंध आहे, तो मोठ्या आतड्याचा व गुदाशयाचा कर्करोग होय.

जगात २०२२ या एका वर्षात सुमारे १९ लाख लोकांना हा रोग नव्याने झाला आणि सुमारे ९ लाख लोक त्याने दगावले, असा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. पाश्चात्त्य देशांच्या मानाने भारतात त्याचे प्रमाण पुष्कळ कमी आहे. परंतु तेवढ्यावरून निर्धास्त राहणे शहाणपणाचे नव्हे. जपान सोडून अमेरिकेत स्थायिक झालेल्या लोकांचा अभ्यास १९६८ साली प्रसिद्ध झाला. मायदेशी त्या काळी क्वचित आढळणारा हा रोग या लोकांत मात्र वाढून अमेरिकन लोकांच्या प्रमाणाजवळ गेला होता. रक्त तेच होते, राहणी बदलली होती. आफ्रिकेत दीर्घकाळ शल्यचिकित्सा केलेले डॉ. डेनिस बर्किट यांनी १९७१ साली असे प्रतिपादन केले की, चोथायुक्त अन्न खाणाऱ्या तेथील खेडुतांत हा रोग दुर्मीळ आहे. त्यांच्या मतातील काही तपशिलांवर पुढे वाद झाला. तथापि सबंध धान्य आणि चोथा यांनी आतड्याचे संरक्षण होण्याचा बराच संभव आहे, हे आज सर्वसाधारणपणे मान्य आहे.

खानदेशातील कळण्याची भाकरी, डाळी, उसळी आणि पालेभाज्या यांत चोथा विपुल असतो. पाळीच्या कामात हे शिजवण्यास वेळ नसतो. मग मैद्याचा पाव, तळलेले फरसाण आणि गोड चहा यांवर दिवस निभावला जातो. सुरतेचे खाणे रुचकर आहे आणि सणावारी ते जरूर खावे. मात्र रोजच्या भाकरीची जागा त्याला देऊ नये.

या रोगाची वाढ कशी होते हे समजले, तर त्याची निम्मी भीती नाहीशी होईल. मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांब असते. त्याच्या आतल्या अस्तरावर कधी कधी लहान कोंब उगवतात. डॉक्टर त्यांना पॉलिप म्हणतात. बहुतेक कोंब निरुपद्रवी राहतात. काहींचे मात्र पुढे कर्करोगात रूपांतर होते, आणि त्यास सामान्यतः दहा वर्षांच्या आसपास काळ लागतो. इतकी मोठी मुदत देणारे कर्करोग थोडेच आहेत. दुर्बिणीने आतडे तपासताना, म्हणजे कोलोनोस्कोपीत, असा कोंब दिसला तर बहुधा तो त्याच वेळी काढून टाकता येतो. होऊ घातलेला रोग अशा रीतीने होण्यापूर्वीच टळतो.

मग ही मुदत वाया का जाते? याचे एक मोठे कारण लज्जा. शौचावाटे रक्त पडले की माणूस ते घरात सांगत नाही. सांगितलेच, तर मूळव्याध असे नाव देऊन एखादी पुडी किंवा मलम आणले जाते. पुष्कळदा ती खरोखर मूळव्याधच असते. पण ते तपासणीवाचून कळत नाही. एकाच माणसाला मूळव्याध आणि कर्करोग दोन्ही असू शकतात. गुदाशयातील गाठ कित्येकदा डॉक्टरांच्या बोटाच्या साध्या तपासणीतही हाताला लागते. या तपासणीचा संकोच वाटणे स्वाभाविक आहे, परंतु त्या संकोचापायी प्राण धोक्यात घालणे योग्य नव्हे.

शौचात रक्त दिसणे, शौचाच्या सवयीत काही आठवडे टिकणारा बदल, पोट साफ न झाल्याची सततची भावना, वजनातील अकारण घट आणि थकवा, ही लक्षणे ध्यानात ठेवावीत. प्रौढ पुरुषास किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीस लोहाच्या अभावाने पंडुरोग झाला, तर केवळ शक्तीच्या गोळ्या घेऊन थांबू नये. आतड्यातून नकळत रक्त जात आहे काय, हे पाहिले पाहिजे.

धोक्याची काही कारणे माणसाच्या हाती नसतात. वय वाढते तसा धोका वाढतो, पन्नाशीनंतर विशेषच. तरी तरुणांना हा रोग होतच नाही असे नव्हे. आईवडील किंवा भावंडांपैकी कोणास तो झाला असेल, अथवा आतड्यास दीर्घकाळ सूज व व्रण असतील, तर तपासणी केव्हा सुरू करावी हे डॉक्टरांना विचारावे. अशा कुटुंबात ती बहुधा चाळिशीपासून, किंवा नातलगास ज्या वयात रोग झाला त्याच्या दहा वर्षे आधीपासून, सुचविली जाते. अन्य कारणे मात्र माणसाच्या हातची आहेत: विडी-सिगारेट, दारू, स्थूलपणा आणि बैठी राहणी. मांसाहारी घरांतून तांबडे मांस बेताने असावे. सॉसेजसारखे खारवून किंवा धुरावून टिकवलेले मांस शक्यतो टाळावे. असे टिकवलेले मांस कर्करोगास कारण होते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली दिला.

भारतात सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांचा समावेश आहे. मोठ्या आतड्याचा नाही. त्यामुळे बोलावणे येण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सुरतेच्या नव्या सिव्हिल रुग्णालयात जाऊन आपली तक्रार स्पष्ट शब्दांत सांगावी. शौचातील अदृश्य रक्त शोधणारी साधी तपासणी आहे; तीत दोष आढळल्यास दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी. रोग लवकर सापडला तर बहुसंख्य रुग्ण शस्त्रक्रियेने बरे होतात.

घरातील वडीलधाऱ्यांनी ही गोष्ट मोकळेपणाने बोलण्याचा प्रघात पाडला, तर मुलेही ती लपवणार नाहीत. "रक्त दिसले, दवाखान्यात चला," एवढे वाक्य घरात संकोचावाचून उच्चारता आले, की निसर्गाने दिलेली मुदत कारणी लागेल.